शेडमधला चोर्ला घाट: तीन प्रोजेक्टर आणि एका वाकड्या पडद्याच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

मामा सैन्यात एमटी (लष्करी वाहनांचे) ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर बेळगावात पोरांना जड वाहन शिकवतात. त्यांची तक्रार जुनीच आहे: पोरगं मैदानात आठ काढतं, परीक्षा पास होतं आणि पहिल्यांदा बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गेलं की गांगरतं. नवशिका फक्त समोर बघतो. घाटात म्हैस, दुचाकी, वळणावरचा टिप्पर हे सगळं बाजूने येतं. टीव्हीवर व्हिडिओ दाखवून भागत नाही, कारण टीव्हीला बाजूच नसते.

म्हणून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शेडच्या मागच्या खोलीत कमानीसारखा वाकलेला पडदा, तीन प्रोजेक्टर आणि मध्ये एक भंगारातली बिनछपराची जीप असा बेत आहे. स्टिअरिंग फिरवलं की चित्र फिरणार नाही. रस्ता कॅमेऱ्याने टिपलेला असेल. पोराने धोका वेळेत ओळखून ब्रेक दाबायचा, उशीर झाला की बझर.

ही कल्पना आमची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फ्रेड वॉलरने विमानातल्या तोफचींसाठी असाच ट्रेनर केला होता: गोलाकार पडदा, पाच प्रोजेक्टर, त्यावर अंगावर येणारी विमानं, आणि नेम बसला की शिकाऊ तोफचीच्या कानात आवाज. त्याच माणसाने पुढे पाचाचे तीन प्रोजेक्टर करून सिनेरामा, म्हणजे वाकलेल्या रुंद पडद्यावरचा सिनेमा, काढला. न्यूयॉर्कमध्ये ३० सप्टेंबर १९५२ ला पहिला खेळ झाला. पडदा १४६ अंशांचा होता. (पाण्यावरच्या स्कीचं १९२५ चं पेटंटही ह्याच गृहस्थाचं. एकेकाचं डोकं.)

आमच्या खोलीत १४६ अंश मावत नाहीत.

२८ एप्रिल

मापं ठरली. त्रिज्या ३ मीटर. ३ मिमीची एचडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची) शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. ती उभी लावली तर पाच शीटमध्ये ६.१ मीटर लांबी होते, म्हणजे साधारण ११६ अंश. सहावं शीट कापून १२० करण्यात अर्थ नाही, एक सांधा वाढतो फक्त.

प्रत्येक प्रोजेक्टरच्या वाट्याला ४५ अंश, आणि शेजारच्या दोघांची चित्रं एकमेकांवर साडेनऊ अंश चढलेली. ४५ अंशांची सरळ रुंदी २.३ मीटर होते, ४:३ च्या हिशेबाने उंची १.७२.

प्रोजेक्टर कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या क्लासकडून घेतले. तिन्ही एकाच मॉडेलचे, १०२४ बाय ७६८, साडेसात हजाराला एक. नवीन एक आणि जुने दोन असं कधी करू नका. मॉडेल वेगळं झालं की रंग जुळवता जुळवता म्हातारपण येईल.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. मत देऊन सगळे थेट शेडवर.

वरची आणि खालची पाइप रोलिंग करून आणली होती (दोन्ही मिळून २,८०० रुपये). रोलरवरून उतरल्यावर पाइप थोडी उलगडते, त्यामुळे ३ मीटर सांगितलेली त्रिज्या ३.२ च्या घरात भरली. परत नेण्याऐवजी जमिनीवर खिळा ठोकून ३ मीटरची दोरी फिरवली, खडूने कंस काढला, त्यावर पाइप ठेवून दोन्ही टोकं चेनपुलीने आत ओढली आणि उभे पाइप टॅक करत (ठिपक्याएवढं तात्पुरतं वेल्डिंग मारत) गेलो. सगळे टॅक झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग, तेही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका बाजूने सलग मारत गेलं तर फ्रेम पिळते.

१९ मे, रविवार: शूटिंग

पाऊस लागला की चोर्ल्यात धुक्यापलीकडे काही दिसत नाही, म्हणून पडद्याआधी शूटिंग उरकलं. पहाटे निघून जांबोटी, कणकुंबी करत गोव्यातल्या साखळी गावापर्यंत आणि परत. तीन अ‍ॅक्शन कॅमेरे मागून आणलेले.

ही नोंद लांबणार आहे, कारण निम्मं काम इथेच बिघडतं.

पहिल्या फेरीत तिन्ही कॅमेरे एका पट्टीवर शेजारी शेजारी, तोंडं बाहेर फाकवून लावले होते. लांबचा डोंगर बरोबर जुळतो. जवळचा किलोमीटरचा दगड मात्र मधल्या चित्रातून उजव्या चित्रात जाताना एकदा गायब होतो, नाहीतर दोनदा दिसतो. लेन्समध्ये ६ सेंटीमीटर अंतर असेल तर २ मीटरवरची वस्तू दोन कॅमेऱ्यांना पावणेदोन अंशांच्या फरकाने दिसते. तेच २० मीटरवर एक-षष्ठांश अंश. सिनेरामाच्या कॅमेऱ्यात तिन्ही लेन्स एकमेकींना खेटून होत्या आणि त्यांच्या नजरा एकमेकींना छेदून जात. डावीकडची लेन्स उजवा भाग टिपायची. तरीही सांध्यावर झाड किंवा खांब येईल अशी जागा ते लोक शोधायचे.

आम्ही कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर बसून पट्टी उघडली आणि कॅमेरे एकावर एक रचले, तिन्ही लेन्स एकाच ओळंब्यात. मग आडवा फरक उरतच नाही. उभा उरतो, पण दोन शेजारच्या लेन्समध्ये साडेचार सेंटीमीटरच अंतर असल्याने ५ मीटरवर तो अर्ध्या अंशाचा असतो. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी सांध्यावर किंचित पायरी घेते. चालत्या गाडीत ती कोणाला दिसत नाही. ब्रॅकेट बॉनेटच्या पुढे, बंपरवर आणलं. बॉनेट चित्रात आलं तर कुठलीच युक्ती चालत नाही.

दुसरी गोष्ट: स्टॅबिलायझेशन बंद. चालू असेल तर प्रत्येक कॅमेरा आपापल्या मनाने चित्र स्थिर करतो आणि सांधे नाचायला लागतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही हाताने बांधून टाका. दरीकडे तोंड असलेला कॅमेरा उजेड बघून अंधारतो, डोंगराकडचा उजळतो, आणि मध्ये भिंत घातल्यासारखा रंग बदलतो.

सुरुवातीला तिन्ही कॅमेऱ्यांसमोर मामांनी एक टाळी वाजवली. पुढे फ्रेम जुळवायला तीच उपयोगी पडली. शूटिंग सेकंदाला ६० फ्रेमने केलं, म्हणजे अर्ध्या फ्रेमचा फरक राहिला तरी डोळ्याला खुपत नाही.

परतताना जांबोटीच्या अलीकडे वळवाने गाठलं. कॅमेरे आधी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, माणसं नंतर.

२ जून

शीट चढवली. सांधे कापडी पट्टी आणि लांबी (पुट्टी) भरून घासले. मॅट पांढरा रंग, दोन हात.

तीन प्रोजेक्टर जीपच्या सीटच्या हातभर मागे, डोक्याच्या वर, उलटे टांगले. मांडणी सिनेरामाचीच: डावा प्रोजेक्टर पडद्याच्या उजव्या भागावर, उजवा डाव्यावर. झोत मध्यावर एकमेकांतून जातात, त्यांना काही होत नाही. सगळे प्रोजेक्टर मधल्या एका स्टँडवर मावतात आणि प्रत्येकाचा झोत पडद्यावर जवळपास सरळ पडतो.

वरून खाली मारल्याने क्षितिज हसऱ्या तोंडासारखं वाकतं. त्यासाठी पडद्यावर दर ५ अंशाला म्हणजे दर २६ सेंटीमीटरला ओळंबा सोडून खडूची खूण केली, आणि भाचीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये माउसने चित्राची जाळी ओढून ओढून खुणांवर बसवली. वेळखाऊ, पण अवघड काही नाही.

तीन वेगळ्या फायली एकदम चालवण्याचा नाद करू नका, दहा मिनिटांत एक मागे पडते. आम्ही तिन्ही चित्रं आधीच एका ३०७२ बाय ७६८ च्या लांब फायलीत शिवली आणि ग्राफिक्स कार्डाने तिचे तीन तुकडे केले. कार्ड जुनं, नऊ हजारांचं.

९ जून

चित्रं एकमेकांवर चढतात तिथे दुप्पट उजेड होतो, म्हणून दोघांनीही कडेला हळूहळू मंद व्हायचं. प्रोग्राममध्ये सरळ उतार दिला: मध्यावर दोघांचाही आकडा निम्मा, २५५ चा १२८. झालं उलटंच, सांध्यावर काळपट पट्टा.

प्रोजेक्टर १२८ ला अर्धा उजेड देत नाही. गॅमा (आकड्याचा उजेड किती होतो ते ठरवणारा घातांक) २.२ धरला तर १२८ ला २२ टक्केच निघतो. दोघांचे मिळून ४४. अर्धा उजेड हवा तर आकडा १८६ द्यावा लागतो. उतार उजेडाच्या हिशेबाने काढा आणि मग त्याचा २.२ वा मूळ घ्या. पट्टा लगेच गेला.

दिवसाच्या चित्रात गेला, एवढंच.

१६ जून

संध्याकाळचं शूटिंग लावलं. कणकुंबीपुढचं जंगल, दिवे लागायची वेळ. पडद्यावर दोन उभे राखाडी पट्टे, जणू कोणी धुपाच्या कांड्या लावल्यात.

ह्या प्रोजेक्टरचा काळा खरा काळा नसतो. शून्य दिलं तरी थोडा उजेड गळतो. चित्रं चढतात तिथे दोघांची गळती एकत्र होते. शून्याखाली आकडा नाही, त्यामुळे प्रोग्रामच्या हातात एकच उपाय उरतो: बाकीचा सगळा काळासुद्धा तेवढाच राखाडी करायचा. करून पाहिला. मामा जीपमध्ये बसून म्हणाले, "पट्टा गेला की रे. जंगल पण गेलं."

२३ जून: पत्रा

ह्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

सिनेरामाच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या खिडकीच्या कडेला दाते पाडलेल्या पत्र्याच्या फण्या होत्या. त्या भराभर वरखाली हलायच्या आणि चित्राची कड विरघळवायच्या. उजेडच अडवला की चित्र आणि गळती दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. प्रोग्रामला जे कधीच जमणार नाही ते पत्र्याला जमतं.

आमच्या प्रोजेक्टरमध्ये खिडकीपर्यंत हात पोचत नाही. पण पत्रा लेन्सच्या पुढे धरला तर तो फोकसच्या बाहेर असतो, त्यामुळे त्याची सावली आपोआप मऊ पडते. दाते नकोत, हलवायला मोटर नको. वॉलरच्या फण्या फिल्मला चिकटून होत्या, तिथे प्रत्येक कड स्पष्ट उमटते, म्हणून त्यांना थरथरवावं लागलं.

सावली किती रुंद पडेल हे पत्रा लेन्सपासून किती लांब आहे त्यावर. जवळ आणला की रुंद आणि मऊ, लांब नेला की अरुंद आणि धारदार. लेन्समधून उजेड ज्या भोकातून निघतो ते सात-आठ मिमीचं धरलं तर साडेनऊ अंशांच्या उतारासाठी पत्रा साडेचार सेंटीमीटरवर हवा. प्रत्यक्षात पाचच्या जवळ बसला.

चहापत्तीच्या डब्याचा पत्रा कापला. फळ्याचा काळा रंग मारला. चकचकीत ठेवला तर तोच आरसा होऊन छतावर उजेड फेकतो. मग एल आकाराच्या पट्टीला लांबट भोक पाडून, नट सैल ठेवून, अंधारात एकाने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने पडद्याजवळ उभं राहून बोलायचं. अर्धा मिलिमीटर सरकला की सावली पडद्यावर तीनेक सेंटीमीटर जाते, त्यामुळे सरकवणं म्हणजे नुसतं बोट टेकवणं. भाची पडद्याशी होती. "थोडा... थोडा... अजून... बास बास, गेला मागे!" नट आवळला की पुन्हा हलतो. शेवटी नटाखाली सायकलच्या ट्यूबचा वॉशर टाकला, तेव्हा आवळताना हलायचा थांबला.

पत्रे बसल्यावर प्रोग्राममधला उतार जवळजवळ काढून टाकला. दोन्ही ठेवले तर उजेड दोनदा कमी होतो आणि काळपट पट्टा परत येतो. थोडीशी दुरुस्ती तेवढी शिल्लक आहे.

संध्याकाळचं जंगल परत लावलं. मामा बराच वेळ बसले, मग म्हणाले, "सांधा कुठं हाय ते सांग बघू." मला दाखवता आला, कारण मला माहीत होता.

३० जून

एका प्रोजेक्टरचं चित्र पिवळट. त्याचा दिवा सगळ्यात जास्त जळालेला. नवीन दिवा (३,२०० रुपये) टाकल्यावर तोच सगळ्यात निळसर झाला. आता नवीनला मागे ओढून जुन्या दोघांशी जुळवलंय: पडद्यावर पांढरं चित्र, मोबाईलचं एक्स्पोजर लॉक, आणि तिन्ही ठिकाणचा आकडा एक होईपर्यंत लाल-हिरवा-निळा कमी करत जायचा. जो सगळ्यात मंद, त्याच्या पातळीला सगळे. दुसरा मार्ग नाही.

१४ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. एचडीएफला मागच्या बाजूने ओल लागली आणि दोन सांधे फुगले. समोरून हात फिरवला तर कळतही नाही, पण प्रोजेक्टरचा उजेड पडला की उभी रेघ दिसते. शीटच्या मागे प्रायमर मारायचा राहिला होता, समोरच्या रंगाने फक्त एकच बाजू बंद केली होती. मागे पट्ट्या ठोकून सांधे आत ओढले, दिवसभर हॅलोजन लावून वाळवले, मग प्रायमर. शीट फ्रेमवर चढवायच्या आधी दोन्ही बाजूंनी रंगवा. नंतर मागे हात जात नाही.

२१ जुलै: पांढरा की राखाडी

दुसरं दुखणं हळूहळू लक्षात आलं. उजवीकडे उघडी दरी आणि आकाश असेल तेव्हा डावीकडचं जंगल फिकट पडतं. पडदा आतल्या बाजूने वाकलेला, म्हणजे त्याची एक बाजू दुसरीवर उजेड फेकते.

वॉलरने ह्यासाठी पडदाच अखंड ठेवला नाही. सुमारे ११०० उभ्या पट्ट्या, खिडकीच्या उभ्या झडपांसारख्या, प्रत्येकीचं तोंड प्रेक्षकांकडे. बाजूने येणारा उजेड पुढच्या पट्टीच्या पाठीवर जाऊन मरतो.

आम्ही एका बाजूला दोन मीटरभर खाटेची नवार उभी ताणून पाहिली. काम करते, फरक स्पष्ट दिसतो. पण पावसाळी हवेत नवार सैल पडते, पट्ट्या पिळतात, आणि आमचा बघणारा ३ मीटरवर बसतो, त्याला प्रत्येक पट्टी मोजता येते. थिएटरात माणूस लांब बसतो म्हणून तिथे चाललं. उतरवली.

मग राखाडी रंग. डोळ्याला हवा तो उजेड पडद्यावर एकदाच आपटून येतो. नको तो दोनदा आपटतो, आधी समोरच्या बाजूवर, मग इथे. पडदा दहातला नऊऐवजी पाच भाग उजेड परत देत असेल तर चित्र तेवढं मंद होतं, पण नकोसा उजेड त्याच्याही जवळजवळ दुपटीने मंद होतो. उजेड आमच्याकडे भरपूर आहे.

पेंटर कन्नडभाषक, मी त्याला काळा स्टेनर आणखी टाक म्हणतोय आणि तो "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हणत डबा बाजूला सरकवतोय. त्याचंच बरोबर होतं. ओला रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो. सगळा रंग एकाच बादलीत कालवा, दुसऱ्या बादलीत तीच छटा परत येत नाही. मजुरीसह १,९०० रुपये.

आता आकाश आलं तरी डावीकडचं झाड काळंच राहतं. खोलीच्या भिंती आणि छतही काळं केलं, आणि मामांना पांढरा शर्ट घालून जीपमध्ये बसायला बंदी.

२८ जुलै: जाता जाता आरसा

विमानाच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये बहुतेकदा पडदा असा समोर नसतो. पडद्याचं चित्र मोठ्या अंतर्गोल आरशात बघतात. चित्र आरशाच्या नाभीवर, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर ठेवलं की किरण समांतर होऊन येतात. धावपट्टी खरोखर मैलभर लांब वाटते आणि शेजारी बसलेल्या दोन्ही वैमानिकांना ती एकाच दिशेला दिसते. आरसा बहुधा काचेचा नसतो. चौकटीवर मायलरची (पातळ पॉलिस्टरची) चकचकीत फिल्म ताणून मागची हवा ओढून घेतात, फिल्म आपोआप वाटीसारखी आत जाते.

हे वाचल्यावर राहवलं नाही. प्लॅस्टिकच्या ड्रमच्या तोंडावर फिल्म आणि खाली शेडचा व्हॅक्यूम क्लीनर. दोन मिनिटं सुंदर दिसलं. पण मोटरच्या प्रत्येक धडधडीला फिल्म आतबाहेर होते आणि स्वतःचं तोंड श्वास घेतल्यासारखं फुगतं, आटतं. ड्रमची कड सपाट नसल्याने कडेला चुण्या. एकट्या ड्रायव्हरला आरशाची गरजही नाही. ड्रम परत पाण्याला.

११ ऑगस्ट

ब्रेकच्या पेडलला लिमिट स्विच, त्याला बझर. मामांनी शूटिंग बघून एकेक धोक्याची वेळ लिहून दिली: म्हैस, रस्त्यात उतरलेली बाई, आंधळ्या वळणावर आतून कापत येणारी गाडी. धोका पडद्याच्या कडेला पहिल्यांदा दिसतो तिथून घड्याळ सुरू.

मामा स्वतः बसले तेव्हा बझर एकदाही वाजला नाही. उलट जिथे आम्ही काही लिहिलंच नव्हतं तिथेही त्यांचा पाय ब्रेकवर गेला. फिल्म मागे नेऊन पाहिलं तर डाव्या कडेला, झाडीत, एका दुचाकीचं हँडल.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन उरकून मामांची तीन पोरं आली. पहिल्याला पाच मिनिटांत मळमळलं. गाडी वळते, अंग वळत नाही, ह्याला अजून इलाज नाही. पंखा लावला आणि वळणांचा भाग छोटा केला तेव्हा बरं वाटलं. दुसरा चांगला चालला. तिसऱ्याने ओव्हरटेकच्या आधी सवयीने बाजूच्या आरशात बघितलं. आरशात मागचे तीन प्रोजेक्टर आणि त्यांचा उजेड.

"एवढं सगळं करूलास, आणि आरसा?" मामा.

दोन जुने सात इंची टॅब्लेट आरशांच्या चौकटीत बसतात, मापून पाहिलं. मागचं चित्र मात्र वेगळं टिपावं लागणार, त्याच फेरीत, पुढच्या तिघांबरोबर. म्हणजे पाच कॅमेरे आणि परत चोर्ला. धुकं उठेपर्यंत नाही, ऑक्टोबरच्या आधी नाहीच. मागच्या बंपरचं ब्रॅकेट वेल्डिंगला घेतलंय.